शिव्या बायकोच्याच लागतात

माझा जावई पास झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांतपणे वाचाल. मला तेवढा निवांतपणा मिळाला नव्हता.

आता तो कुठल्याशा समुद्रात आहे आणि मी माझ्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसले आहे. लोकांना वाटतं, आता घर खायला उठत असेल, करमत नसेल. छान करमतं. सकाळी उठल्यावर न्हाणीघर रिकामं मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते दोन वर्षं रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

येफिम दोन वर्षं माझ्या घरी होता. घर म्हणजे अर्खांगेल्स्कमधल्या एका पाचमजली इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात दोन माणसं बसली की तिसऱ्याने चहाचा कप हातात घेऊन दारात उभं राहायचं. एका खोलीत मी, दुसरीत माझी मुलगी आग्निया. जावई जहाजावर असायचा म्हणून सगळं जमून जात होतं. वर्षाचा बहुतेक काळ तो इंजिनरूममध्ये असे, उरलेला इथे. येताना कुठल्या कुठल्या बंदरांतली कॉफी आणायचा, मासे तळायचा, आणि त्याचा कंटाळा यायच्या आत बॅग भरून निघून जायचा. असा जावई प्रत्येक सासूला मिळावा.

मग त्याचं जहाज भंगारात गेलं आणि त्याच्या मागोमाग कंपनीही गेली. नव्या कंपन्यांच्या जहाजांवर कप्तान ग्रीक, स्वयंपाकी फिलिपिनो आणि इंजिनावरच्या पाट्या इंग्रजीत. त्यांनी सांगितलं, आधी इंग्रजीची परीक्षा द्या. व्याकरण आणि उताऱ्यावरचे प्रश्न, सगळं कॉम्प्युटरवर. तीनदा बसता येईल, तिसऱ्यांदाही नापास झालात तर नाव कायमचं कमी. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरी कुठली कंपनी दारात उभं करणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आणि मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. घरातच मास्तरीण, तीही फुकट. लोक म्हणायचे, नशीबवान आहे येफिम. येफिम काही म्हणायचा नाही.

तो दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा माझ्या हाताखालून गेलेला. शेजारच्या बाईने जिन्यात गाठून विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं की कॉम्प्युटर बिघडला होता. दुसऱ्या वेळीही तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी कॉम्प्युटरला बिघडून चालणार नव्हतं.

त्याला तात्पुरतं काम मिळालं होतं ते आमच्या वस्तीच्या बॉयलरघरात. सगळ्या इमारतींना गरम पाणी तिथून जातं. तिथून तो संध्याकाळी आला, जेवला, की ताटं बाजूला सारून आमची शिकवणी सुरू. शिकवणीपुरता मी एक नियम केला होता. एरवी मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला आई म्हणतो. पण पुस्तक उघडलं की बापाच्या नावासकट तो येफिम सावेल्येविच आणि मी रिम्मा अर्काद्येव्ना, आणि दोघांनीही अहो-जाहो करायचं. शिस्तीसाठी. शिवाय अहो-जाहो करत माणसाला गाढव म्हणता येत नाही, म्हणून माझं रक्तही जरा कमी आटायचं.

"येफिम सावेल्येविच, हे काय लिहिलंत? 'मी इंजिनिअर.' यातला 'आहे' कुठे गेला?"

"तो कशाला लागतो?"

"इंग्रजांना लागतो."

"रिम्मा अर्काद्येव्ना, मी इथे तुमच्यासमोर बसलोय. दिसतोय की नाही? मग 'आहे' वेगळं कशाला सांगायचं?"

यात त्याची एकट्याची चूक नव्हती. आमच्या रशियन भाषेत 'मी इंजिनिअर' म्हटलं की काम झालं, पुढे 'आहे' जोडत नाहीत. ज्याला कळायचं त्याला कळतं. शाळेतली माझी अर्धी हयात पोरांच्या वाक्यांत 'आहे' कोंबण्यात गेली. आणि नामाच्या आधी इंग्रज जे 'अ' आणि 'द' लावतात, ते तर आमच्याकडे औषधालाही सापडत नाहीत. येफिम ते मीठ पेरल्यासारखे वरून पेरायचा. आधी सगळं वाक्य लिहायचा, मग लांब धरून बघायचा, आणि कुठे अळणी वाटलं की एक 'द' टाकायचा. तरी व्याकरण हळूहळू मार्गाला लागलं. हट्टी माणूस आहे, घोकून घोकून त्याने ते बसवलं.

घोडं अडलं ते उताऱ्यावर. उतारा वाचायचा आणि खाली दिलेल्या प्रत्येक विधानापुढे तीनांतलं एक उत्तर निवडायचं: बरोबर, चूक, किंवा उताऱ्यात नाही. वाचायला अवघड काहीच नसायचं. शब्द त्याला येत होते. पण ते तिसरं उत्तर त्याच्याकडून काही केल्या निघत नसे.

एकदा मी त्याला अगदी सोपा उतारा दिला. मिसेस बेकर खिडकीशी उभी आहे. मिस्टर बेकरना यायला उशीर झाला आहे. सूप टेबलावर आहे. संपला उतारा. खाली विधान होतं, 'मिसेस बेकर नवऱ्यावर रागावली आहे.'

"बरोबर," येफिम म्हणाला.

"कशावरून?"

"सूप टेबलावर आहे म्हणजे गार होतंय. नवऱ्याचा पत्ता नाही. बाई खिडकीत. आणखी काय पाहिजे?"

"उताऱ्यात राग हा शब्द दाखवा मला."

"राग कुणी लिहून ठेवतं का, रिम्मा अर्काद्येव्ना?"

आग्निया तेव्हा वाळलेले कपडे घेऊन दारातून चालली होती. ती थांबली. "रागावलेली नाही ती," ती म्हणाली. "घाबरली आहे."

"तेही नाही उताऱ्यात," मी म्हटलं. "तुम्ही दोघंही नापास."

आग्नियाने खांदे उडवले आणि कपडे घेऊन गेली. येफिम बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसला, जणू मिसेस बेकर तिथून वळून त्याला काही सांगणार होती.

मी चिडायची खूप, पण त्याला दोष तरी किती द्यायचा? आम्ही वाढलोच तसे. आमच्या तरुणपणी वर्तमानपत्रात काय छापलंय ते कुणी वाचत नसे, काय छापलेलं नाही ते वाचायचे. अमुक पुढाऱ्याचा फोटो आज का नाही, रेडिओवर सकाळपासून नुसतं संगीत का लागलंय, यावरून माणसं साखरेची पोती भरून ठेवायची. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं. त्या सवयीने जगून तगलेल्या माणसाला आता मी सांगत होते, बाबा रे, जेवढं लिहिलंय तेवढंच वाच. बरं, मी स्वतः काही वेगळी आहे का? जिन्यातली ती शेजारीण नुसतं 'काय, कसं काय' म्हणाली, तरी तिला नेमकं काय विचारायचं होतं ते मी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत शोधत असते.

तिसरी परीक्षा मे महिन्यात ठरली. नदीवरचा बर्फ नुकताच फुटला होता आणि मोठमोठे तुकडे दिवसरात्र समुद्राकडे चालले होते. येफिम कामावरून आला की खिडकीशी उभा राहून ते बघायचा. त्याने जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचे नळ दुरुस्त केले होते, काहींचे चांगले असतानाही. मी त्याच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हा माणूस इथे सुकून जाईल. आणि लगेच दुसरा विचार यायचा की माझ्याच घरात सुकून जाईल, आणखी वीस वर्षं, माझ्याच न्हाणीघरात. दोन्ही विचार मनापासूनचे होते. तो पास व्हायलाच हवा होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो दाढी न करता बाहेर आला. परीक्षेआधी दाढी करत नाहीत, अक्कल वाहून जाते. बुटात डाव्या टाचेखाली त्याने नाणं ठेवलं होतं, त्यामुळे जरा लंगडत होता. निघण्याआधी आम्ही तिघं रिवाजाप्रमाणे गप्प बसलो, मग उठलो. मी दारात शिकाऱ्यांची ठरलेली उलटी शुभेच्छा दिली, "ना पाखराचं पीस मिळो, ना जनावराची लव." याला उत्तरही ठरलेलंच असतं. आभार मानले की सगळं फिसकटतं.

"मसणात जा, आई," येफिम अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला. सासूला हे तोंडावर म्हणायची संधी वर्षानुवर्षं मिळत नाही, त्यामुळे तो ते नेहमीच फार छान म्हणतो.

मग तो बायकोकडे वळला. "आज तू शिव्या दे. नऊपासून."

"आई देते ना," आग्निया म्हणाली.

"दोन्ही वेळा आईंनीच दिल्या. काय झालं? आईंना मजा येते शिव्या देताना. ज्याला देताना वाईट वाटतं त्याच्या लागतात. बायकोच्याच पाहिजेत."

तुमच्याकडे परीक्षेला बसलेल्या माणसासाठी घरचे देवापुढे दिवा लावत असतील. आमच्याकडे त्याला शिव्या देतात. तो तिकडे पेपर सोडवत असतो तेवढा वेळ घरच्यांनी इकडे बसून त्याचा उद्धार करायचा, मोठ्याने, हात आखडता न घेता. कुणी कौतुकाचा शब्द काढला की पोरगं तिकडे गटांगळी खातं. मी या गोष्टी मानत नाही. मी शिकलेली बाई आहे. पण मागच्या दोन्ही वेळा मी पातेली घासता घासता येफिमला असं काही सोलून काढलं होतं की खालच्या मजल्यावरून छताला काठीने ठोकलं होतं.

आग्निया औषधांच्या दुकानात काम करते. त्या दिवशी तिने दुपारची पाळी मागून घेतली होती. येफिम गेल्यावर तिने शांग्यांसाठी, म्हणजे वर कुस्करलेला बटाटा लावून भाजलेल्या छोट्या रोट्यांसाठी, पीठ भिजवायला घेतलं. त्याला फार आवडतात. मी तिच्यासमोर बसले, फोन टेबलावर ठेवला आणि घड्याळाकडे बघत राहिले.

"नऊ वाजले," मी म्हटलं. "कर सुरू."

तिने पीठ उलटवलं. "काय शिव्या देऊ? चांगला माणूस आहे."

"चांगला असला तर ते उद्या सांग. आत्ता दे."

"पीत नाही. कधी आवाज चढवत नाही. पगार झाला की आणून हातात ठेवतो."

"आग्निया."

"तुझ्याशीसुद्धा नीट वागतो, आई. ते काही सोपं काम नाही."

माझ्या अंगावर काटा आला. परीक्षेला बसलेल्याचं कौतुक करायचं नसतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आग्निया तर अशा घरात वाढली की तिच्या प्रत्येक परीक्षेला मी आणि तिचे वडील आळीपाळीने बसून तिला शिव्या द्यायचो. तिच्या वडिलांनी एकदा कामावरून रजा काढली होती त्यासाठी. ती विसरली असेल हे शक्यच नव्हतं.

"तुला तो पास व्हायला नकोय," मी म्हटलं.

ती पीठ मळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "नकोय."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी मी दुकानात होते. नऊ वाजले तसे डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्याचं कौतुक केलं. काउंटरपलीकडे एक म्हातारा खोकत उभा होता, त्याला म्हटलं, थांबा जरा, हिशोब करतेय."

"आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

"तेव्हापण."

मी कपाळाला हात लावला. मी इकडे घसा फोडून शिव्या घालत होते, आणि ही तिकडे खोकल्याच्या बाटल्यांमागे उभी राहून सगळं पुसून टाकत होती. हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं मी त्या उताऱ्यांना दोष देत होते.

"असं का गं?"

"का म्हणजे? लग्न झाल्यापासून आत्ता कुठे नवरा घरात दिसतोय मला. नोव्हेंबरात त्याला सर्दी होते, आई. मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं संसार केला आणि मला हे ठाऊक नव्हतं की त्याला नोव्हेंबरात सर्दी होते."

तिचे वडील रोज संध्याकाळी घरी यायचे. मी त्यांना कंटाळण्याची चैन करू शकले.

"हे त्याला सांगितलंस?" मी विचारलं.

"त्याला कळतं."

"सांगितलंस का, ते विचारतेय मी."

"आई, ही तुझी शिकवणी नाही."

"आणि त्याने कधी सांगितलं तुला, की मला जायचंय?"

"सांगायला कशाला पाहिजे? तोंडावर लिहिलंय त्याच्या."

मग मात्र माझं डोकं फिरलं. एका घरात तीन माणसं, तिघंही एकमेकांच्या तोंडावरचं वाचतायत, आणि कुणीही कुणाला एक सरळ वाक्य बोलत नाही. आणि नऊ वाजून गेलेले. तो तिकडे टाचेखाली नाणं घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलेला, आणि इकडे त्याच्या नावाने फक्त कौतुक जमा झालेलं.

"तू देत नसलीस तर मी देते," मी म्हटलं आणि सुरू केलं. "आळशी. ऐतखाऊ. फुकट्या. सासूच्या घरी आयता बसून..."

"आळशी?" आग्नियाचे हात थांबले. "तो आळशी?"

"ऐदी. हातपाय न हलवता..."

"हातपाय न हलवता? अगं आळशी असता तर बरं झालं असतं." तिने पिठाचा गोळा उचलून आपटला. "आळशी असता तर झोपला असता. पहाटे चारला उठतो तो. रोज. मोजे चढवतो आणि घरभर फिरून भिंतीतले पाइप हाताने चाचपतो. का, तर त्याची पाळी असते म्हणे तेव्हा. कसली पाळी? कुठलं इंजिन? आणि तुझ्या त्या मुरंब्याच्या बरण्या बघ, सगळ्या दोरीने बांधून ठेवल्यायत. का बांधल्यास म्हटलं तर म्हणतो, सवय. पाचव्या मजल्यावर लाट येणार आहे का रे, ठोंब्या?"

हे शेवटचं तिने माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं. मी तोंड मिटून घेतलं. चांगलं चाललेलं काम मध्ये बोलून बिघडवू नये.

"बॉयलरघरातून येतो आणि विचारलं कसं चाललंय, की 'छान'. छान म्हणे. खोटारडा. कोट बघ त्याच्या अंगावर कसा लोंबतो आता. मला दिसत नाही? आंधळी आहे मी? रोज त्या खिडकीशी उभा राहतो, आणि मी खोलीत आले की वळून हसतो, जसा काही पडदाच बघत होता. मला वाईट वाटू नये म्हणून. माझ्यासाठी तो इथे राहील. मरेपर्यंत राहील आणि शेवटच्या दिवशीपण म्हणेल, छान. माठ. टोणगा. दगड नुसता." प्रत्येक शिवीला पिठावर एक बुक्की बसत होती, आणि ती आता रडायला लागली होती, नाक बाहीला पुसत होती आणि थांबत नव्हती. "जा म्हणावं एकदाचा, मेल्या. जा, बस त्या भट्टीत तेल अंगाला फासून. भेटू नकोस नोव्हेंबरात. कोण पुसतंय तुझं नाक. बैल कुठला. जातच का नाहीस तू?"

मी घड्याळाकडे पाहिलं. परीक्षेचा बराच वेळ अजून शिल्लक होता. मी तिला ग्लासभर पाणी दिलं, ते ती एका दमात प्यायली, आणि तिने पुन्हा सुरुवात केली. त्याच्या आईपासून सुरुवात केली. खालून काठीने छत ठोकलं गेलं. आग्नियाने पायाने दोनदा उलट ठोकलं.

असल्या शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. माझ्या शिव्यांत काय कमी होतं ते मला तेव्हा कळलं.

पीठ शेवटी फडक्याखाली ठेवलं तेव्हा ते जरा घाबरलेलंच दिसत होतं. मग आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. मी मुद्दामच तिच्याकडे बघितलं नाही. आता तिला काय हवंय हे तिच्या तोंडावर शोधायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ती ओवनकडे गेली, परत आली, फोन सरळ केला, पुन्हा गेली. फोन वाजला तेव्हा तिने हात मागे घेतले, म्हणून मी उचलला.

"काय झालं?" मी विचारलं.

"झालो," येफिम म्हणाला.

"नीट वाक्यात सांग."

"मी पास झालो आहे, रिम्मा अर्काद्येव्ना."

मी स्टुलावर बसले, आणि दोन वर्षं पाठीवर घेऊन हिंडत असलेलं गाठोडं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मला वाटलं. आग्नियाला मी मानेनेच हो म्हटलं. तिने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तो श्वास सुटकेचा होता हे मात्र मला दिसलं, न शोधताच दिसलं.

"उतारा कसला होता?"

"जहाजाचा नव्हता. कुणा बाईच्या बागेचा होता. शेजारी येतो आणि तिला न विचारता गुलाब कापून नेतो. खाली विचारलं होतं, शेजाऱ्याचं त्या बाईवर प्रेम आहे का."

"मग?"

"आहेच की, आई. नाहीतर एवढा मोठा माणूस काट्यांत कशाला हात घालेल? पण मी 'उताऱ्यात नाही' दाबलं."

तो घरी आला तोवर शांग्या तयार झाल्या होत्या. त्याने बूट काढले, नाणं खिशात टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. आनंद तोंडावर दिसू नये म्हणून इतका प्रयत्न करत होता की दात दुखत असल्यासारखा चेहरा झाला होता. तो आग्नियाकडे बघायला लागला, आणि मला कळलं, झालं सुरू. आता हा तिच्या कपाळावर, डोळ्यांत, पिठाने भरलेल्या हातांत काहीतरी वाचणार, त्याचा काहीतरी अर्थ लावणार, आणि रात्रीपर्यंत कंपनीला नाही म्हणून कळवणार.

आग्नियाने हात फडक्याला पुसले.

"फिमा," ती म्हणाली, "तू जायला नको आहेस मला. आणि तू जा."

येफिमने तोंड उघडलं. त्याच्या कपाळाला त्या आठ्या पडल्या, ज्या मी दोन वर्षं रोज संध्याकाळी बघितल्या होत्या. म्हणजे काय, असं तो विचारणार होता. म्हणजे रागाने म्हणतेस का, म्हणजे खरं काय म्हणायचंय तुला. मी कप घट्ट धरून उभी होते. मग त्याने तोंड मिटलं. ती दोन्ही वाक्यं जशी होती तशी त्याने घेतली, एकाशेजारी एक, आणि मागे काही शोधलं नाही.

"बरं," तो म्हणाला.

तो टेबलाशी बसला, एक शांगी उचलली, परत ठेवली.

"मला जायचंय, आग्निया."

"माहीत आहे मला."

"असेल. पण मी सांगितलं नव्हतं."

ती त्याच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसली. तिथे तिसऱ्याला जागा नसते. मी माझा चहा घेऊन माझ्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि पोटभर रडले. सुटले होते मी.